अण्णांच्या गाडीतला बेल्ट

भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन आलं की गाडीत वाळू येते. कुणी मुद्दाम आणत नाही, पण पुढे कितीतरी दिवस ती पायपुसण्याखाली, सीटच्या फटीत, डब्याच्या पिशवीत सापडत राहते. रोज एकाच गाडीतून अप-डाऊन करणाऱ्या माणसांचे किस्सेही असेच साठतात. आमच्या गाडीत तर इतके साठलेत की झटकायला घेतले तर दिवस पुरायचा नाही. आणि त्यातले निम्मे एकाच वस्तूवरून. सीटबेल्टवरून!

हसू नका. तुम्हाला गंमत वाटते, पण त्या वर्षी माझा जीव टांगणीला लागला होता. 

आधी माणसं सांगते. सकाळी रत्नागिरीहून देवरूखला, संध्याकाळी परत. मी देवरूखला पतपेढीत. मनाली तिथल्या शाळेत शिक्षिका. जोशी सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, आणि साळवी पंचायत समितीत क्लार्क. गाडी अण्णांची, चालवणारे अण्णाच. अण्णा म्हणजे एस.टी.चे रिटायर्ड ड्रायव्हर. अख्खी नोकरी घाटात काढली आणि गाडीला कधी ओरखडा नाही. सुरक्षित सेवेचा बिल्ला मिळालेला, तो त्यांनी गाडीच्या आरशाला टांगलेला. देवाची तसबीर त्याच्या खाली.

गाडी जुनी, सेकंडहँड, सात सीटर. बेल्ट नाही लावला तर बोंबलणारा अलार्म हल्लीच्या गाड्यांना असतो ना, तो तिला नव्हता. आमच्या गाडीत अलार्म म्हणजे अण्णा. फरक इतकाच, की बेल्ट लावला की ते बोंबलायचे!

*

माझा पहिला दिवस. मी पुढच्या सीटवर बसले आणि सवयीनं बेल्ट ओढून लावला.

मारुती मंदिरावरून निघालेली गाडी अण्णांनी साळवी स्टॉपच्या नाक्याअलीकडे बाजूला घेतली. इंजिन बंद. दोन्ही हात मांडीवर.

"काय झालं अण्णा?"

"मॅडम, तुम्हाला उतरायचंय काय?"

"नाही हो! का?"

"मग हा कशाला?" बोट माझ्या छातीवरच्या पट्ट्याकडे.

मी म्हटलं, "अहो, सेफ्टी म्हणून."

झालं! अण्णांचा चेहरा असा पडला, जशी काही मी त्यांच्या आईवरून शिवी दिली. म्हणाले, "जेवायला बोलावलेल्या माणसानं ताट हुंगून बघावं, तसं झालं हे! इतकी वर्षं एस.टी. चालवली, माझ्या चाकाखाली कोंबडी मेली नाय. लोक माझ्या गाडीत झोपायचे हो, झोपायचे! आणि तुम्ही स्वतःला बांधून घेताय?"

मागून जोशी सर हळूच म्हणाले, "सोडा मॅडम. लेट होतंय."

मी तशी गप्प बसणारी बाई नाही. नवऱ्याला विचारा. पण नवीन ग्रुप, पहिला दिवस, आणि अण्णांनी याआधी दोन ग्रुप अशाच कारणावरून सोडलेले. एकदा चावी काढली की काढली. मी मुकाट्यानं बेल्ट सोडला. गाडी सुरू झाली. अण्णांनी लगेच खिशातून खडीसाखर काढून मला दिली.

आम्ही चौघं शिकलेली माणसं. पण कुणी बेल्ट लावत नव्हतो. का, तर अण्णांना वाईट वाटेल!

*

हातखंब्याच्या तिठ्यावर पोलीस उभे असत. त्यांच्यासाठी मात्र अण्णांकडे सोय होती. तिठा दिसायला लागला की ते बेल्ट नुसता ओढून छातीवरून घ्यायचे आणि टोक मांडीखाली दाबायचे. खटका म्हणून लावायचा नाही. पहिल्या दिवसानंतर पुढची सीट साळवींची झाली होती, त्यांनीही शेजारी तसंच करायचं. तिठा ओलांडला की बेल्ट परत जागेवर.

एकदा एका तरुण पोलिसानं गाडी थांबवली. खिडकीतून वाकून पाहिलं आणि एकदम ओळखीचं हसला. "अण्णा! मी हो, पालीचा. तुमच्या गाडीनं शाळेत यायचो!"

"होय काय? मोठा झालास रे!"

पोलीस जरा घुटमळला. मग काळजीच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, तुम्ही आणि बेल्ट? तब्येत बरी आहे ना?"

अण्णा खूश! त्याच्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात खिडकीबाहेर काढला, जरा उचलले गेले, आणि मांडीखालचं टोक सुटलं. बेल्ट सर्रकन वर गेला आणि बकल खांद्याशी जाऊन आपटलं.

पोलिसानं बेल्टकडे पाहिलं. मग अण्णांकडे. मग निमूट मशीन काढून चलन केलं.

घाट लागला. मग अण्णाच फुटले. "माझ्याच गाडीतून शाळेत जाऊन शिकलं मेलं, आणि मलाच चलन! पण बरोबर शिकलंय हां. नाय म्हणायचं नाय."

मागून मनाली म्हणाली, "अण्णा, मग खरंच लावायचा ना."

"बाय, दंड भरला की संपतो," अण्णा म्हणाले. "भीती एकदा गाडीत घेतली की ती उतरत नाय."

*

आता मनालीचं सांगायला हवं. कारण इथून पुढे ही मजा उरली नाही.

लग्नाला बरीच वर्षं झालेली. मूल नाही. दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. दुसऱ्या खेपेला तर मीच तिला दवाखान्यातून घरी सोडलं होतं, तेव्हा ती रस्ताभर एक शब्द बोलली नव्हती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिनं कुणालाच सांगितलं नाही. पाचवा लागल्यावर बावनदीला चहासाठी थांबलो असताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "नीता मॅडम, या वेळी टिकलंय."

मी रस्त्यातच रडले. बावनदीच्या चहावाल्यानं मला फुकट चहा दिला, त्याला वाटलं कुणीतरी गेलं!

मग अण्णांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून ते गाडी अशी चालवायला लागले की मांडीवर ताकाचं भांडं घेऊन बसावं. हायवेचं काम चाललेलं, जिथे तिथे डायव्हर्जन, खड्डे. प्रत्येक खड्ड्याला अण्णा म्हणायचे, "बाय, धर हां." मनालीच्या बाजूचं चाक त्यांनी कधी खड्ड्यात जाऊ दिलं नाही. साळवींच्या बाजूचं जायचं. साळवींची कंबर त्या पावसाळ्यात कामातून गेली.

आणि डॉक्टरबाईंनी तिला बजावलं होतं. एस.टी. बंद. कारनं जायचं तर बेल्ट लावायचाच, मागे बसलीस तरी. वरचा पट्टा छातीवरून, खालचा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर. पोटावरून बिलकुल नाही.

मनालीनं मला विचारलं, "अण्णांना कसं सांगू? ते माझ्यासाठी एवढं करतायत. माझं तोंडच उघडणार नाही."

"मी सांगते," म्हटलं.

"नको!" तिनं माझा हात धरला. "ते रुसले आणि गाडी बंद केली तर? आत्ता रजा टाकली तर नंतर बाळाजवळ कोण राहील?"

पेच बघा. ज्या माणसाच्या जिवावर पोरगी रोज घाट उतरत होती, त्याच्यापासूनच जीव चोरून वाचवायचा होता.

*

पहिली अडचण, बेल्टच नव्हता. म्हणजे पट्टा होता, पण त्याचं खालचं बकल रेक्झिनच्या सीटकव्हरखाली गाडलं गेलेलं. अण्णांनी कव्हरं नवी घातली तेव्हा दुकानदारानं विचारलंही होतं, मागची बकलं वर काढू का? अण्णा म्हणाले होते, "कशाला? बसणाऱ्याला टोचतात."

बावनदीला अण्णा चहाला उतरले. जोशी सरांना आम्ही पाठवलं, त्यांना डिझेलच्या भावावरून बोलतं ठेवायला. साळवी सीटवर पालथे पडले, हात कव्हरच्या फटीत कोपरापर्यंत. मी दाराशी पहारा.

"सापडलं," साळवी म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, हात निघत नाही."

"निघत नाही म्हणजे?"

"घड्याळ अडकलंय!"

आणि अण्णा येताना दिसले. जोशी सर त्यांच्या मागून दोन्ही हातांनी आम्हाला खुणा करतायत. 

"काय शोधताय रे?" अण्णांनी विचारलं.

मनालीच्या तोंडून निघून गेलं, "माझं कानातलं पडलं!"

मग काय! अण्णांनी साळवींना खेचून बाहेर काढलं, घड्याळ फटीतच राहिलं. स्वतः मोबाईलची बॅटरी लावून गुडघ्यावर बसले. पायपुसणी काढली. सीट पुढे केली. "बाय, सोन्याचं आहे, असं कसं सोडायचं?" आम्हाला उशीर होतोय, माझ्या ऑफिसचा फोन येतोय, आणि अण्णा काही उठेनात. शेवटी मी पाठ फिरवून माझ्या एका कानातलं काढलं आणि हळूच त्यांच्या गुडघ्याशी टाकलं.

"हे बघ!" अण्णा ओरडले. एखादं बुडतं पोर वर काढल्यासारखा आनंद! ते घेऊन मनालीला द्यायला गेले, आणि थांबले. तिच्या दोन्ही कानांत कानातली होती.

"मग हे कुणाचं?"

"माझं!" मी म्हटलं. "माझंपण पडलं होतं!"

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाईचं जरा डोकं फिरलंय.

पण बकल वर आलं होतं.

*

दुसरी अडचण, आवाज. बेल्ट लावताना खट्ट असा आवाज होतोच, आणि अण्णांचा कान म्हणजे पाल चुकचुकली तरी फिरणारा. ओढणी वरून घेतली की पट्टा दिसत नव्हता, पण आवाजाचं काय करणार?

साळवींनी तोड काढली. गाडी सुरू झाली की त्यांनी खोकायचं. मोठ्यानं. त्याच वेळी मनालीनं खटका लावायचा. देवरूखला उतरताना पुन्हा खोकला, पुन्हा खटका. संध्याकाळी तेच.

चारपाच दिवस छान चाललं. पुढच्या सोमवारी अण्णांनी गाडी सुरू करायच्या आधी सीटखालून एक बाटली काढली.

"अडुळशाचा काढा. बायकोनं करून दिलाय. पी."

"नको अण्णा, बरं आहे आता," साळवी म्हणाले.

"बरं कसलं? तिकडं बाय बसलीय, तिला तुझं काय लागलं म्हणजे? पी गपचूप!"

साळवींनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मनालीच्या डोळ्यांत नुसती गयावया. साळवींनी डोळे मिटून बाटलीला तोंड लावलं. काढा इतका कडू, की ते खरंच खोकले. जोरात. आणि मनालीनं खटका लावून घेतला.

त्यानंतर तो काढा रोज. माणसं देवाला नवस बोलतात, उपास करतात. आमच्या साळवींनी दुसऱ्याच्या बाळासाठी दोन महिने अडुळसा प्यायला. वर अण्णा सगळीकडे सांगत सुटले, "या साळव्याची छाती काय खरी नाय."

*

हे चाललेलं असतानाच मनालीच्या सासूबाई गुहागरहून राहायला आल्या. आल्या आल्या त्यांना बेल्टचं कळलं आणि घरात रणकंदन. "पट्टा आवळायचा नाही! नाळ गुंडाळते बाळाच्या गळ्याला. आधीची दोन गेली ती अशीच काहीतरी गेली!"

हे असं बोलावं का हो? पण घाबरलेली माणसं बोलतात. मनाली दुसऱ्या दिवशी बेल्ट न लावता बसली. साळवी काढा पिऊन खोकले, खटका वाजलाच नाही. ते परत खोकले. परत. मी नजरेनं विचारलं, काय झालं? तिनं मान खाली घातली.

मी त्या संध्याकाळी तडक तिच्या घरी गेले. चप्पल काढतानाच तोंड सुरू केलं. "काकू, तुम्हाला नातू हवाय की नको?"

सासूबाई माझ्यापेक्षा तिखट. "तू कोण गो मला विचारणारी? तुला किती झाली?"

"एक झाला! आणि त्याच्या वेळी मला कुणी बेल्ट लाव म्हणून सांगणारं नव्हतं!"

दोघी एकमेकींवर डोळे वटारून उभ्या. मनाली मध्ये रडतेय. शेवटी तिनंच ओढणीचा पट्टा केला, खुर्चीवर बसली, आणि पोटाच्या खालून घेऊन दाखवला. "आई, असा. पोटाला लागतसुद्धा नाही."

सासूबाईंनी खाली वाकून नीट पाहिलं. बोटानं चाचपलं. मग एकदम कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो, मग असं सांग की! आम्ही भातलावणीला वाकायचो तेव्हा लुगड्याची गाठ इथंच मारायचो. पोटाखाली! सातव्यात सुद्धा." आणि माझ्याकडे वळून, "हिला चहा दे. घसा सुकला असेल ओरडून."

*

गणपती आले. साळवींचं घर देवरूखच्या पुढच्या वाडीत, आणि मूर्ती ते दरवर्षी रत्नागिरीच्या कारखान्यातून नेतात. अण्णा म्हणाले, "माझ्या गाडीतून नेऊ. देवाला कशाला रिक्षा, टेम्पो?"

मूर्ती पुढच्या सीटवर ठेवली. तोंडावर रुमाल. साळवी मागे आमच्यात कोंबून बसले, कडेला मनाली, ओढणी अंगाभोवती लपेटून. त्या दिवशी गणपतीचा जयजयकार एवढा मोठा केला, की खोकायची गरजच पडली नाही.

आणि अण्णांनी काय करावं? स्वतःचा टॉवेल काढला, घडी करून मूर्तीच्या पोटाशी लावला. मग पुढचा बेल्ट ओढला आणि चक्क देवाभोवतून घेतला. खटका काही त्यांना लावता येईना, मागे वळून साळवींना म्हणाले, "लाव रे तो."

साळवी चपापले. "अण्णा, देवाला बांधायचं?"

"घाट आहे निवळीचा. लाव."

खट्ट!

माझं डोकं सटकलं. मागच्या कितीतरी सकाळ-संध्याकाळी डोळ्यांपुढून गेल्या. तो काढा, ती चोरी, ती पोर रोज जीव मुठीत धरून बसते ते. मी म्हटलं, "अण्णा, एक विचारू? देवाला बेल्ट लावता. मग माणसानं लावला की तुमचा अपमान कसा होतो हो?"

 मनालीनं माझी मांडी इतकी जोरात दाबली की वळ उठला. 

अण्णा पुढे बघतच म्हणाले, "मॅडम, देव मातीचा आहे. फुटतो."

आणि गाडी चालू केली. घाट उतरेपर्यंत मी मनालीच्या पोटाकडे बघत होते. मला बोलायचं होतं, अण्णा, आम्ही कसले आहोत? लोखंडाचे? पण तिनं माझी मांडी सोडलीच नाही.

*

दिवाळीनंतरची गोष्ट. मनालीला आठवा सरत आलेला. त्या आठवड्याच्या शेवटी तिची रजा सुरू होणार होती. मी मनात म्हणत होते, एवढे थोडे दिवस निघू देत रे देवा.

सकाळची वेळ, ऊन स्वच्छ. बावनदी सोडून आम्ही संगमेश्वरच्या दिशेनं निघालेलो. हायवेचं काम एका बाजूला चालू. गाडी हळू होती, अण्णांची चूक तिळाएवढीही नव्हती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. मातीच्या ढिगाऱ्यामागून एक डंपर उलटा, रिव्हर्समध्ये, थेट रस्त्यावर आला.

अण्णांनी ब्रेक मारला.

गाडी थांबली. डंपरपासून हातभर अंतरावर थांबली. टक्कर झालीच नाही. पण आम्ही थांबलो नाही ना! साळवी डॅशबोर्डवर आपटले, ओठ फुटला. जोशी सर माझ्यावर आले, त्यांचा चष्मा कुठे गेला पत्ता नाही. माझं कपाळ पुढच्या सीटच्या मागच्या दांड्यावर. अण्णांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं, तरी छाती त्याच्यावर आदळली, हॉर्न वाजत राहिला.

मी वळून पाहिलं. मनाली जागच्या जागी होती. ओढणी घसरून पडलेली, आणि छातीवरून काळा पट्टा ठसठशीत दिसत होता. दोन्ही हात पोटावर. चेहरा पांढराफटक.

आरशात अण्णांचे डोळे. ते तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे नाही, त्या पट्ट्याकडे.

"अण्णा," मनाली म्हणाली, "मी... तुम्हाला..."

 डंपरवाला खाली उतरून हात जोडत होता, अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी बाजूनं काढली आणि संगमेश्वरला नेली, एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या दारात. वाटेत ना "बाय, धर" ना काही. मी मनात म्हटलं, गेलं. माणूस तुटला आता.

आम्ही मनालीला धरून आत नेलं. अण्णा उतरले नाहीत.

डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर निजवलं. पोटावर जेल लावून ते ठोके ऐकायचं छोटं मशीन फिरवायला लागल्या. नुसती खरखर. उजवीकडे सरकवलं, खरखर. खाली सरकवलं, खरखर. मनालीनं माझा हात धरलेला, तिची नखं रुतत होती. ती पुटपुटत होती, "नको, नको, नको." डॉक्टरबाई म्हणाल्या, "जरा शांत पडा, बाळ फिरलेलं असतं." पण त्यांच्या कपाळावरही आठी होती, मी पाहिली. माझ्या डोळ्यांपुढे तो मागचा परतीचा रस्ता आला, एक शब्द न बोललेला.

आणि मग आलं. टकटकटकटक! शिवणाचं मशीन जोरात सुटावं तसं. सगळी खोली भरून.

"हे बघा. उत्तम आहेत ठोके," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग मनालीच्या मांडीवर पट्ट्याचा लाल वळ होता, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "बरोबर ठिकाणी होता. नाहीतर आज मला हे ऐकू आलं नसतं."

मनाली ओक्साबोक्शी रडायला लागली. साळवी ओठावर कापूस धरून दाराशी रडत होते. जोशी सर चष्म्याविना भिंतीकडे तोंड करून उभे. डॉक्टरबाईंनी तिला तासभर पडून राहायला सांगितलं. जरा सावरल्यावर मनालीनं पहिलं काय विचारलं? "अण्णा कुठायत?"

आले नव्हते. सगळं होईपर्यंत माणूस दवाखान्याची पायरी चढला नव्हता!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कपाळाला टेंगूळ, डोकं ठणकतंय, पण मी तरातरा बाहेर निघाले. इतके महिने साठलेलं सगळं आज बोलणार होते. बिल्ला, ताट हुंगणं, मातीचा देव, सगळं. पोर मरणाच्या दारातून परत आली आणि हे मानापमान घेऊन गाडीत बसलेत!

गाडी फणसाच्या सावलीत उभी होती. इंजिन बंद, काचा खाली. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसलेले.

"अण्णा!" मी लांबूनच सुरू केलं. "लाज वाटते का काही? ठोके लागले बाळाचे! ती आत तुमचं नाव घेतेय, आणि तुम्ही इथं रुसून बसलात?"

अण्णांनी मान वळवली. गाल ओले होते. मी खिडकीशी पोचले. त्यांच्या खांद्यावरून छातीवर आडवा बेल्ट लावलेला होता. खटक्यासकट. दोन्ही हातांनी ते तो ओढत होते, आणि ओढतील तसा तो आणखी आवळत होता.

"मगापासनं आत यायचं म्हणतोय मॅडम," अण्णा म्हणाले, "पण हा सुटतच नाय हो!"